हद्द वाढली, गोठा तिथेच

घराच्या आवारात एक गाय, दोन-तीन शेळ्या आणि दहा-बारा कोंबड्या ठेवायला कुणाची परवानगी लागते का? यवतमाळ जिल्ह्यात या साध्या प्रश्नाचं एकच उत्तर नाही. तुम्ही ग्रामपंचायतीत राहता की नगर परिषदेत, यावर ते ठरतं. राज्यघटनेतच ही फाळणी आहे. पंचायतींची कामं सांगणाऱ्या अकराव्या अनुसूचीत चौथ्या क्रमांकावर ‘पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन’ आहे. नगरपालिकांची कामं सांगणाऱ्या बाराव्या अनुसूचीत जनावरं येतात ती पंधराव्या क्रमांकावर, ‘कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध’ या शीर्षकाखाली, आणि पुढे अठराव्या क्रमांकावर कत्तलखान्यांसोबत. म्हणजे गावात जनावर वाढवणं हे पंचायतीचं काम आणि शहरात ते कोंडणं हे नगरपालिकेचं. दोन्ही अनुसूच्या १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी एकाच वेळी आल्या. पण गाव शहरात विलीन झालं की तिथल्या जनावरांचं काय, हा प्रश्न त्यांनी सोडवला नाही.

यवतमाळला तो प्रश्न प्रत्यक्षात आला. २०१६ च्या सुमारास नगर परिषदेची हद्दवाढ झाली आणि लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव अशा लगतच्या ग्रामपंचायती शहरात आल्या. त्याच्या थोडं आधी, २०१५ मध्ये, बाभूळगाव, कळंब, राळेगाव, मारेगाव, झरी-जामणी आणि महागाव या तालुक्याच्या गावांच्या नगर पंचायती झाल्या. या सगळ्या ठिकाणी घर तेच राहिलं, अंगण तेच राहिलं, दावणीला बांधलेली म्हैसही तीच. बदलला तो फक्त कायदा. मागच्या अंगणातल्या टिनाच्या शेडला आता बांधकाम परवानगीचा प्रश्न लागू झाला. शेण हा शहराचा घनकचरा झाला. सकाळी आखरावर जाणारं ढोर रस्त्यावर दिसलं की ते मोकाट जनावर ठरू लागलं. हद्दवाढीच्या वेळी रस्ते, नळ, पथदिवे यांची चर्चा भरपूर होते. गोठ्यांची मोजणी करून त्यांचं पुढे काय करायचं, हे मात्र कुणी ठरवत नाही.

आधी गावाकडचा कायदा पाहू. ग्रामपंचायतीचा कारभार १९५८ च्या अधिनियमाने चालतो. गावठाणात स्वतःच्या घरामागे गुरं बांधायला वेगळा परवाना घ्यावा लागेल, अशी गावाची समजूत कधीच नव्हती आणि कायद्याची रचनाही तशी नाही. ग्रामपंचायत लक्ष घालते ती उपद्रव झाला तर : उकिरडा रस्त्यावर आला, सांडपाणी विहिरीकडे वळलं, जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं. शेवटच्या प्रकारासाठी १८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा आहे. पिकात शिरलेलं जनावर धरता येतं, ते चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं लागतं. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवून नोटीस लावायची, त्यानंतरही सात दिवसांत कुणी फिरकलं नाही तर लिलाव करायचा, इतकी तपशीलवार रीत त्यात घालून दिलेली आहे. या कायद्याच्या व्याख्येत हत्ती आहेत, उंट आहेत, म्हशी, घोडे, खेचरं, गाढवं, डुकरं, मेंढ्या, बकऱ्या आहेत. कोंबडी नाही. शेजाऱ्याच्या कोंबड्यांनी तुमची नुकती उगवलेली मेथी उकरली तर कोंडवाडा उपयोगाचा नाही. तिथे शेजारधर्म आणि फार तर तंटामुक्ती समिती.

केळापूर, राळेगाव, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या पट्ट्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालचे महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांमुळे तिथल्या ग्रामसभेला आपल्या परंपरेप्रमाणे गावाची संसाधनं सांभाळण्याचा अधिकार आहे. कोलामांच्या पोडावर किंवा गोंड वस्तीत गावठी कोंबडी अंगणात हिंडते, बकरी घराच्या पडवीत बांधतात. तिथे ‘निवासी जागेत पशुपालन’ असा वेगळा विषयच संभवत नाही, कारण जनावराशिवायचं घर ही कल्पनाच तिथे नाही. शिवाय जनावर घराजवळ ठेवण्यामागे जिवाचा प्रश्न आहे. टिपेश्वर अभयारण्य याच भागात आहे, आणि राळेगाव-पांढरकवडा परिसरात २०१८ पर्यंत अवनी वाघिणीची दहशत लोकांनी अनुभवली आहे. गुरं बंदिस्त गोठ्यात, माणसांच्या जवळ हवीत, हे इथे कुठल्याही उपविधीपेक्षा मोठं कारण आहे.

शहराचा कायदा निराळा. नगर परिषदा आणि नगर पंचायती १९६५ च्या महाराष्ट्राच्या अधिनियमाखाली येतात. त्याआधी वऱ्हाडातल्या नगरपालिकांना १९२२ चा मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका कायदा लागू होता. १९६५ चा अधिनियम नगर परिषदेला स्वच्छता, उपद्रव, जनावरं ठेवण्याच्या जागा यांविषयी कारवाईचे अधिकार देतो आणि तपशील ठरवायला उपविधी करण्याची मुभा देतो. खरी गोम या उपविधीत आहे. घरटी किती जनावरं, शेजारच्या भिंतीपासून किती अंतरावर, शेण किती दिवसांत उचलायचं, परवाना कोण देणार, शुल्क किती, हे सगळं उपविधीत लिहिलेलं असलं तर नागरिकाला आधीच कळतं. ते नसलं तर सगळा मामला तक्रारीवर आणि नोटिशीवर चालतो. दहा घरांत गोठे असतात, पण नोटीस येते ती ज्याचं शेजाऱ्याशी बिनसलं आहे त्याला.

नोटीस देताना कधीकधी ज्याचा आधार सांगितला जातो तो दुसरा कायदा म्हणजे शहरी क्षेत्रात गुरे पाळणे व त्यांची ने-आण यांवर नियंत्रण ठेवणारा १९७६ चा महाराष्ट्राचा अधिनियम. त्याचा उगम मुंबईत आहे. मुंबईच्या वस्तीतले म्हशींचे तबेले बाहेर काढण्यासाठी १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, तरी शहरात तबेले उरले आणि वाढलेही. त्यांच्यासाठी परवान्याची सक्ती करणारा हा कायदा आला. मुंबईबाहेर शासन अधिसूचना काढून ज्या शहरी क्षेत्राला तो लागू करतं तिथेच तो चालतो. म्हणून कुणाला या कायद्याखाली नोटीस आली तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की आमच्या क्षेत्राची अधिसूचना कोणत्या तारखेची? शेकडो म्हशींच्या धंदेवाईक तबेल्यांसाठी घडवलेला कायदा दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला जसाच्या तसा लावणं मला अन्यायाचं वाटतं. पण अन्यायाचं वाटणं वेगळं आणि बेकायदा असणं वेगळं. अधिसूचना असेल तर परवाना घ्यावाच लागेल.

या दोन्हींच्या पलीकडे सर्वांना सारखे लागू असलेले सामान्य कायदे आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होणार नाही याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सार्वजनिक उपद्रव हाही गुन्हा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकारी उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३ वं कलम ते हेच. हा मार्ग फारसा कुणी वापरत नाही, पण गोठामालकालाही तो सोयीचा आहे, कारण आदेश अंतिम होण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे.

बांधकामाच्या बाजूने पाहिलं तर २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली नगर परिषदांना लागू आहे. तिच्यात गोठे, कुक्कुटपालन यांची मुख्य जागा कृषी विभागात आहे. हे ठीकच. पण यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस कुठेही शहराच्या कडेला जाऊन पाहा : काल ज्या शेतात पऱ्हाटी उभी होती तिथे आज अकृषक ले-आउट पडलेला आहे, आणि त्या ले-आउटला खेटून जुन्या शेतकऱ्याचा गोठा आहे. प्लॉट घेणारा गोठा पाहूनच प्लॉट घेतो. घर बांधून झाल्यावर त्याला वास येऊ लागतो. अशा ठिकाणी आधी कोण होतं, याला काही वजन असावं की नाही?

फ्रान्समध्ये हाच वाद एका कोंबड्यावरून कोर्टात गेला होता. ओलेरों बेटावर मॉरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्याची तक्रार तिथे सुट्टीसाठी घर घेतलेल्या शेजाऱ्यांनी केली. २०१९ मध्ये न्यायालयाने कोंबड्याच्या मालकिणीच्या बाजूने निकाल दिला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेने ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा त्या भागाच्या वारशाचा भाग मानणारा कायदाच केला. आपल्याकडे इतकं टोक गाठायची गरज नाही. पण जुन्या गोठ्याला ठरावीक मुदत, सुधारणेची संधी आणि हलवायचाच असेल तर पर्यायी जागा, एवढं तरी नगर परिषदेने देणं लागतं.

आता संख्येचा प्रश्न. मोठ्या धंद्याला नियम आहेत आणि ते बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०२० च्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कुक्कुटपालनाची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. पूर्वी एक लाखाहून जास्त पक्षी असले तरच प्रदूषण मंडळाची संमती लागायची, ती मर्यादा पाच हजारांवर आली. दुग्धव्यवसायात पंधरा किंवा जास्त जनावरं असली की संमतीचा प्रश्न येतो. पण परसातल्या दहा कोंबड्या आणि पाच हजार कोंबड्या यांच्यामध्ये, तसंच एक गाय आणि पंधरा गायी यांच्यामध्ये, पर्यावरणाच्या नियमांना बोलायला काही नाही. आणि जिल्ह्यातली बहुतेक भांडणं नेमकी याच मधल्या पट्ट्यात आहेत.

हिशेब करून पाहू. प्रदूषण मंडळाच्याच आकड्यांप्रमाणे चारशे किलो वजनाचं एक जनावर दिवसाला पंधरा ते वीस किलो शेण टाकतं आणि जवळजवळ तेवढंच लिटर मूत्र. पाच म्हशी म्हणजे रोज पाऊण ते एक क्विंटल शेण. ज्याच्याकडे शेत आहे तो ते बैलगाडीने किंवा ट्रॉलीने शेतात नेतो, शेणाला किंमत आहे हे त्याला सांगावं लागत नाही. ज्याच्याकडे दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट आहे आणि शेत नाही, त्याचं शेण पाण्याच्या धारेने नालीत जातं. नाली तुंबते, पावसाळ्यात ते पाणी शेजारच्या ओसरीवर येतं, माशा आणि डास वाढतात. तक्रार करणारा शेजारी दरवेळी दुष्ट नसतो. घरात तान्हं मूल असलेल्या माणसाने नालीतल्या शेणाबद्दल बोलू नये, असं कुणालाच म्हणता येणार नाही. म्हणून जनावरांची संख्या मोजण्यापेक्षा शेणाची वाट मोजणारा नियम मला जास्त न्याय्य वाटतो. चार म्हशी आणि शेणखताची पक्की सोय असलेलं घर, एक गाय आणि उघडी नाली असलेल्या घरापेक्षा चांगला शेजारी आहे.

गोठ्याची मापं मात्र लिहिलेली आहेत, पण ती मनाईच्या नियमात नाहीत, अनुदानाच्या योजनेत आहेत. रोजगार हमीतून राबवल्या जाणाऱ्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेच्या २०२१ च्या शासन निर्णयात दोन ते सहा गुरांच्या गोठ्याला २६.९५ चौरस मीटर जागा धरली आहे, साडेतीन मीटर रुंद आणि ७.७ मीटर लांब. सोबत गव्हाण आणि २५० लिटरची मूत्रसंचय टाकी. अनुदान ७७ हजार १८८ रुपये. दहा शेळ्यांच्या शेडला साडेसात चौरस मीटर आणि ४९ हजार २८४ रुपये, शंभर कोंबड्यांच्या शेडला तेवढीच जागा आणि ४९ हजार ७६० रुपये. टाकी, पक्का तळ, गव्हाण हे सगळं त्यात असल्यामुळे स्वच्छ गोठा कसा असावा याचा हा सरकारमान्य नमुनाच आहे. शहरी उपविधी करणाऱ्यांना नवा शोध लावायची गरज नाही, हा नमुना उचलावा.

पण याच आकड्यांशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. सहा गुरांचा गोठा घरकुलाहून मोठा. ज्या भूमिहीन कुटुंबाला पशुसंवर्धन विभागाच्या नावीन्यपूर्ण योजनेतून दहा शेळ्या आणि एक बोकड मिळतो, त्याच कुटुंबाला घरकुल मिळतं, आणि त्या घरकुलाच्या नकाशात शेळीला जागा नसते. मग शेळ्या रस्त्याच्या कडेला बांधल्या जातात आणि ते अतिक्रमण ठरतं. एकाच सरकारचे दोन विभाग एकाच घराला असं परस्परविरोधी वागवतात, याचा मला संताप येतो. घरकुलाची जागा देतानाच चार हात पडवी जनावरासाठी धरली असती, तर पुढची अर्धी भांडणं झाली नसती.

गाव-शहर असा भेद न करणारा आणखी एक कायदा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या जंजाळातला तो सर्वांत समंजस आहे : जनावरांतील संसर्गजन्य रोगांना प्रतिबंध करणारा २००९ चा केंद्रीय कायदा. जनावरात संसर्गजन्य रोगाचा संशय आला की मालकाने कळवायचं, हे त्यात बंधनकारक आहे. मग ते जनावर शेतात असो की कॉलनीत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा हा कायदा नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात पुन्हा साथ आली. अशा वेळी बाधित ठिकाणापासून एक किलोमीटर परिघातले सगळे पक्षी नष्ट केले जातात, त्यात फार्मचे आणि परसातले असा फरक करत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगामुळे सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, गुरांचे बाजार बंद पडले. लम्पीने दगावलेल्या दुभत्या जनावरामागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत ठरली. मदत मिळवताना ज्यांच्या गुरांची नोंद होती त्यांचं काम सोपं झालं. १ जून २०२४ पासून कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री राज्यात बंद आहे. बिल्ला म्हणजे कटकट, असं म्हणणारे खूप भेटतात. पण तोच बिल्ला मोकाट सोडलेल्या गायीचा मालक कोण, हेही सांगतो.

आणि रस्त्यावरची गाय हा शहराचा सर्वांत मोठा वाद आहे. सकाळी दूध काढून गाय बाजाराकडे सोडून द्यायची, दिवसभर तिने भाजीवाल्यांचा पाला आणि प्लास्टिक खायचं, संध्याकाळी ती परत आली की पुन्हा दूध काढायचं, याला पशुपालन म्हणता येणार नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली जनावर रस्त्यावर मोकाट सोडणं हा अपराध आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरून मोकाट गुरं हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. नागपूर-तुळजापूर महामार्ग यवतमाळवरून आणि चव्वेचाळीस क्रमांकाचा महामार्ग पांढरकवड्यावरून जातो, तेव्हा हा आदेश आपल्या दारातला आहे. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे थकलेला बैल विकता येत नाही आणि पोसणं परवडत नाही, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. त्याला गोशाळा आणि चारा यांची सोय हे उत्तर आहे. घरी दावणीला बांधलेल्या, सरकी ढेप खाणाऱ्या गायीवर बंदी आणून रस्त्यावरचा बैल कमी होणार नाही.

डुकरांबद्दल मी वेगळं बोलेन. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या शरीरात वाढतो आणि डासांमार्फत माणसापर्यंत येतो. वस्तीत मोकाट डुकरं सोडण्याला कसलीच सूट नको. बंदिस्त वराहपालन हा वेगळा, मान्य व्यवसाय आहे आणि त्याला शहराबाहेर जागा मिळाली पाहिजे.

बाहेरच्या जगात परसातल्या कोंबडीला सरसकट बंदी क्वचितच आहे. अमेरिकेत सिॲटल शहराने २०१० मध्ये एका घराला आठ कोंबड्यांची मुभा दिली आणि नर कोंबड्याला मनाई केली. ब्रिटनमध्ये भाड्याने घेतलेल्या भाजीच्या तुकड्यावर कोंबड्या आणि ससे ठेवण्याचा हक्क १९५० च्या कायद्याने दिला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक पक्षी पाळला तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. या तिन्हींत मला सारखेपणा दिसतो : मुभा आधी दिली, मग अट घातली, आणि दोन्ही अशा भाषेत की घरी बसून वाचता यावं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या नगर परिषदांनी तेवढं तरी करावं. घरगुती पालन आणि विक्रीसाठीचं पालन यांत उपविधीनेच फरक करावा. दोन दुभती जनावरं, पाच शेळ्या आणि वीस कोंबड्यांपर्यंत परवाना नको, फक्त मोफत नोंद हवी, असं माझं मत आहे. त्यापुढे परवाना, मूत्र-टाकी आणि शेण उचलण्याची लेखी व्यवस्था असावी. शेण नालीत सोडलं तर दंड, मग तो एका गायीचा मालक असो वा दहांचा. विलीन झालेल्या गावांतल्या जुन्या गोठ्यांना किमान तीन वर्षांची मुदत द्यावी आणि प्रत्येक नगर परिषदेने हद्दीच्या कडेला सामायिक गोठ्यांसाठी जागा राखून ठेवावी. शेण-मूत्र एकत्र आलं तर गोबर गॅस आणि शेणखत दोन्ही निघतं, आणि ते विकत घ्यायला भोवती शेतकरीच आहेत. यातला बराचसा खर्च पैशापेक्षा इच्छाशक्तीचा आहे. घरी म्हैस, बकरी, कोंबडी सांभाळणारी बहुतेक ठिकाणी बाईच असते, तेव्हा मसुदा ठरवताना तिला बोलावल्याशिवाय तो पूर्ण मानू नये.

उपविधीचा मसुदा जाहीर झाला की हरकती आणि सूचना देता येतात. पण आधी आज काय लागू आहे, ते कागदावर मागून घ्या. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि आपल्या नगर परिषदेचा किंवा नगर पंचायतीचा जनावरं पाळण्याविषयीचा मंजूर उपविधी, त्याची तारीख आणि लागू असलेली अधिसूचना यांच्या प्रती मागा. नोटीस आलेल्या गोठामालकाने हे करावं, नालीतल्या शेणाला कंटाळलेल्या शेजाऱ्यानेही करावं. उत्तर तीस दिवसांत द्यावंच लागतं.